कुत्र्याऐवजी पुस्तक

"काका, कुत्र्यांवरची चांगली पुस्तकं सांगा ना. आठ वर्षांच्या मुलीला झेपतील अशी."

पुतण्याचा फोन. दुपारचे अडीच, म्हणजे पुण्यात फोन करायचा नसतो ती वेळ. तरीही मला भरून आलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्यांनी पुस्तकांना फक्त कव्हरं घातली; चौथी वाचायला निघाली म्हणून मी चष्मा शोधू लागलो. तेवढ्यात त्याने खरं काय ते सांगितलं. "सहा महिने झाले, कुत्रा पाहिजे म्हणून पिच्छा पुरवलाय तिने. म्हटलं, कुत्र्याऐवजी पुस्तक देऊन बघावं."

बालसाहित्य आपल्याकडे खपतं ते असं. मुलाने झाड लावू या म्हटलं की झाडांचं पुस्तक, नदीवर जाऊ या म्हटलं की नद्यांचं. कुत्रा मागितला की कुत्र्याचं. पुस्तक सोफ्यावर केस टाकत नाही. त्याला पहाटे साडेपाचला खाली न्यावं लागत नाही. दिवाळीत ते पलंगाखाली थरथरत बसत नाही. आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचं पुस्तकाबद्दल काही म्हणणं नसतं. कुत्र्याबद्दल असतं. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने 2015 सालीच लिहून कळवलेलं आहे. पण बोर्ड लांब राहतं आणि सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर.

पुतण्याने दोन अटी घातल्या. पहिली, पुस्तकात कुत्रा मरता कामा नये, "ती रात्रभर रडते काका, मग सकाळी बस चुकते." दुसरी, पुस्तक वाचून कुत्रा पाळावासा वाटता कामा नये. मी हो म्हणून बसलो. कपाट उघडल्यावर लक्षात आलं, की पहिल्या अटीत निम्मं अमेरिकी बालसाहित्य बाद होतं आणि दुसरीत उरलेलं.

अमेरिकी पुस्तकातला कुत्रा बहुतेक वेळा एकाच कामासाठी जन्माला येतो. नायकाचं पोरवय संपवायला. मुलगा मोठा झाला हे दाखवायला मिसरूड पुरते, आवाज फुटलेला पुरतो. तिकडच्या लेखकांना ते पुरत नाही, ते कुत्रा मारतात. फ्रेड गिप्सनचं 'ओल्ड येलर' (1956) घ्या. जागा टेक्सास, काळ 1860चं दशक सरतानाचा. एक पिवळा, चोरटा, उनाड कुत्रा घरात शिरतो, सगळ्यांना लळा लावतो, पिसाळलेल्या लांडग्यापासून घरच्यांना वाचवतो. आणि घरातलाच चौदा वर्षांचा मुलगा त्याला गोळी घालतो. लेखकाला बोल लावता येत नाही, दोष काळाचा. जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पाश्चरची लस टोचली ती 1885 साली. त्याआधी पिसाळलेल्या लांडग्याचा चावा म्हणजे विषयच संपला.

विल्सन रॉल्सच्या 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज'मध्ये (1961) एका कुत्र्याने भागत नाही. मुलगा दोन वर्षं पै-पै साठवून शिकारी कुत्र्यांची जोडी आणतो आणि दोन्ही जातात. एक डोंगरातल्या प्यूमाशी झुंजून, दुसरी त्याच्यामागे झुरून. 'साउंडर'मध्ये (1969) कुत्र्याच्या जोडीला बापही जातो. त्या पुस्तकाची गंमत अशी, की त्यात नाव आहे ते फक्त कुत्र्याला. माणसं नुसती मुलगा, बाप, आई. नाव कुत्र्याला आणि अमेरिकी बालसाहित्यातलं न्यूबेरी पदक लेखकाला. या सगळ्याला वैतागून गॉर्डन कॉर्मनने 2000 साली 'नो मोअर डेड डॉग्ज' नावाची धमाल कादंबरी लिहिली. तिच्यातला मुलगा पुस्तक-परीक्षणात खरं ते लिहितो, की पुस्तक भिकार आहे कारण यातही कुत्रा मरतो. आणि गुरुजी त्याला शाळा सुटल्यावर थांबवून ठेवतात. परीक्षणात खरं लिहिलं की काय होतं, ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

हे खूळ फक्त अमेरिकेचं नाही. तुर्गेनेवच्या 'मुमू'त (1854) मुका-बहिरा भूदास गेरासिम मालकिणीच्या हुकमापायी स्वतःच्या हातांनी आपली कुत्री नदीत बुडवतो, आणि ही गोष्ट रशियात शाळेत शिकवतात. आपल्या मुलांना रडवायला निदान अपूर्णांक पुरतात. 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' (1872) तर अख्खा जपान डोळ्यांत पाणी आणून पाहत आला आहे: अनाथ नेल्लो आणि त्याचा पात्राश अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये रूबेन्सच्या चित्रासमोर एकमेकांना बिलगून गारठून मरतात. या गोष्टीवर अमेरिकेत सिनेमे निघाले तेव्हा शेवट बदलून दोघांना जगवलं. आपल्या कुत्र्याला गोळी, परक्याच्या कुत्र्याला जीवदान. परराष्ट्र धोरण म्हणतात ते हेच असावं.

असो. मरणारे बाजूला काढले आणि जगणारे घेऊन बसलो.

जीन झायनचं 'हॅरी द डर्टी डॉग' (1956) मला फार आवडतं. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हॅरी अंघोळीचा ब्रश पुरून ठेवून पळतो, गावभर लोळतो आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके घेऊन परततो. घरचे ओळखतच नाहीत. शेवटी बिचारा ब्रश उकरून आणतो आणि अंघोळ घाला म्हणून हट्ट धरतो. मार्गारेट ब्लॉय ग्रॅहॅमची चित्रं अशी, की वाचता न येणारं मूलही पुस्तक 'वाचतं'. यात कोणी मरत नाही, कोणी काही शिकवत नाही. पण दुसरी अट? हॅरी पाहून कुत्रा हवासा वाटला नाही तर ते मूल डॉक्टरांना दाखवावं.

'क्लिफर्ड'चा (1963) मी प्रतिबंधक म्हणून विचार केला. लाल कुत्रा, घराएवढा. म्हटलं, वन-बीएचकेत राहणाऱ्या मुलीला आपोआप कळेल. पण कथेप्रमाणे क्लिफर्ड सगळ्या पिल्लांत लहानगा होता. एमिली एलिझाबेथने जीव लावला म्हणून एवढा वाढला. म्हणजे आई म्हणणार "मोठा झाला की मावणार नाही" आणि मुलगी म्हणणार "मग थोडं कमी प्रेम करू."

डोडी स्मिथचं 'वन हंड्रेड अँड वन डॅल्मेशियन्स' (1956) उत्तम आहे, पण त्याच्यावरचा सिनेमा 1996 साली आला तेव्हा अमेरिकेत ठिपकेवाली पिल्लं घरोघर आली आणि पिल्लांचे कुत्रे झाल्यावर त्यातली पुष्कळशी निवारागृहांत पोचती झाली. केट डिकॅमिलोच्या 'बिकॉज ऑफ विन-डिक्सी'त (2000) दहा वर्षांची ओपल सुपरमार्केटात मॅकरोनी, तांदूळ आणि टोमॅटो आणायला जाते आणि कुत्रा घेऊन येते. दुकानाचंच नाव त्याला देते. आपल्याकडे घडलं असतं तर त्याला 'डी-मार्ट' म्हणून हाका मारत बसावं लागलं असतं. 'शायलो' (1991) तर घरात ठेवूच नये. त्यातला मार्टी शेजाऱ्याच्या मार खाणाऱ्या कुत्र्याला डोंगरात लपवतो, आईबापांशी बेलाशक खोटं बोलतो, आणि शेजाऱ्याने चोरून मारलेल्या हरणीचं गुपित हाती लागल्यावर त्याच्याशी सौदा करतो. याला न्यूबेरी पदक मिळालं आणि कुत्रा जगला. पुस्तक पहिल्या प्रतीचं आहे. आठ वर्षांच्या हट्टी मुलीच्या हाती ते देणं म्हणजे कैद्याला तुरुंगाचा नकाशा देणं.

सुधा मूर्तींची 'गोपी डायरीज' मालिका सुटसुटीत आहे. तीत बोलतो तो गोपी नावाचा कुत्राच. अर्थात स्वतःच्या जातीचा प्रचारक.

"मग मराठीत काही नाही का?" पुतण्या म्हणाला. आता आली पंचाईत.

मराठीत कुत्रा राहतो तो निबंधात. 'माझा आवडता प्राणी'. त्याला चार पाय, दोन डोळे, एक शेपूट आणि एक विशेषण असतं: इमानी. हा निबंध ज्या मुलांनी सर्वात सुवाच्य अक्षरात लिहिला, त्यांच्या घरी कुत्रा कधीच नव्हता. निबंधातून बाहेर पडला की तो म्हणींत जातो, आणि तिथे त्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच राहतं, आंधळं दळतं ते पीठ तो खातो, धोब्याकडे असला तर घरचाही नसतो आणि घाटाचाही नसतो, आणि मरायचंच झालं तर त्याच्या मरणाची शिवी होते. पुलंनी 'हसवणूक'मध्ये 'पाळीव प्राणी' लिहून आपलं आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचं नातं एकदाचं सांगून टाकलं. पण ते मोठ्यांसाठी. त्यात यजमानाची बाजू घ्यावी की पाहुण्याची, हे कळायला निदान एकदा तरी दारात अडकून "काही करत नाही तो" हे वाक्य ऐकलेलं असावं लागतं.

भाषेचीही गोम आहेच. आपल्याकडे विकतच्या कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात आणि रस्त्यावरच्याशी मराठीत. "टॉमी, सिट. टॉमी, नो." आणि गेटाबाहेरच्याला "हाड!" मायबोलीतला सर्वात छोटा संवाद.

म्हणजे आपल्याकडे कुत्र्याला मान नाही असं नाही. दत्ताच्या पायाशी चार आहेत, तेही चार वेद म्हणून. खंडोबाजवळ आहे. नामदेवांची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली: कुत्रा कोरडी भाकरी पळवतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. महाभारताचा तर कुत्र्यानेच आरंभ होतो आणि शेवटही कुत्र्यापाशी. आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाशी आलेल्या सरमा कुत्रीच्या पिल्लाला राजाचे भाऊ बडवतात. पिल्लाने हविर्द्रव्याला तोंड लावलेलं नसतं, त्याकडे पाहिलंसुद्धा नसतं. ते रडत आईकडे जातं. आई येऊन राजाला जाब विचारते आणि उत्तर मिळत नाही म्हणून शाप देते. एवढा मोठा ग्रंथ, आणि सुरुवातीला ही तक्रार: माझ्या पोराला का मारलंत? हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. मध्ये एकदा एकलव्याच्या बाणांनी तोंड भरून घ्यायला कुत्रा हजर होतो. आणि शेवटी, भाऊ पडले, द्रौपदी पडली, युधिष्ठिरामागे चालणारा तेवढा कुत्रा उरला. त्याला सोडून रथात बसणार नाही म्हणून धर्मराज अडून राहतो. इथवर गोष्ट जगात कुठेही शोभेल अशी. पुढे कुत्र्याचा यमधर्म होतो.

आपली खोड ती इथे दिसते. नामदेवांच्या कुत्र्यात विठ्ठल निघतो, युधिष्ठिराच्या कुत्र्यात धर्म. कुत्र्याला मान द्यायला आपण एका पायावर तयार आहोत. तो मुळात कुत्रा नसावा, एवढीच अट. अमेरिकेत त्याने मरून शहाणपण शिकवायचं, आपल्याकडे उघड होऊन देव निघायचं. नुसतं कुत्रं म्हणून जगायची सोय कुठेच नाही.

याला उतारा म्हणून सत्यजित राय यांच्या असमंजबाबूंची गोष्ट सांगतो. त्यांचा ब्राउनी हसतो. खरोखर हसतो, माणसासारखा, आणि नेमका हसण्यासारखं असेल तिथेच. एक अमेरिकी श्रीमंत वीस हजार डॉलरचा चेक लिहायला बसतो आणि ब्राउनीला हसू आवरत नाही. पैशाने सगळं मिळतं असं तुम्हाला वाटतंय, म्हणून तो हसतोय, असं असमंजबाबू पाहुण्याला समजावतात. पुतण्याला ही आवडली. "पण ती उद्या हसणारा कुत्रा मागेल," म्हणाला.

एक विषय मात्र कोणी मराठीत मुलांसाठी लिहावा म्हणून मी वाट पाहतोय. 1832च्या जूनमध्ये मुंबईत भटकी कुत्री मारायची मोहीम निघाली, मारेकऱ्यांना दर कुत्र्यामागे बक्षीस लावलं, आणि पारशांनी बाजार बंद पाडून दंगा केला. शहर खरं, कुत्री खरी, एकही देव निघत नाही. चित्रकारालाही काम भरपूर. पण आपण मोठी माणसं अजून रायगडावरचा वाघ्या इतिहासातला की नाटकातला यावरच भांडतोय. लहानांची पाळी यायला वेळ आहे.

आणि एक कुरकुर. इतकी पुस्तकं पाहिली, पण कुत्रा चावला तर काय करायचं हे एकाही गोष्टीत नाही. आपल्याकडे मुलं चावा लपवतात, कारण कुत्र्यापेक्षा घरचा मार पक्का. कोणी आजी तिखट भरते, कोणी चुना. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, तिच्यावर काही चोपडायचं नाही आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. गोष्टीत हे दोन ओळींत बसतं. ओल्ड येलरला जे मिळालं नाही ते आपल्या सरकारी दवाखान्यात मिळतं. पण त्यासाठी आधी मुलाने घरी सांगितलं पाहिजे, आणि मुलाने सांगावं म्हणून घरच्यांनी आधी हात खाली ठेवला पाहिजे. जेवतं कुत्रं, झोपलेलं कुत्रं आणि पिल्लंवाली कुत्री यांच्या वाटेला जाऊ नये, हेही कोणीतरी चित्रांत काढून द्यावं. 'इमानी'ने ते कळत नाही.

शेवटी मी चेखॉवची 'कश्तांका' काढली. 1887ची गोष्ट. इंग्रजी अनुवाद जुना असल्यामुळे फुकट मिळतो, हे पुतण्याला आधी सांगितलं; पसंती निम्मी तिथेच झाली.

कश्तांका म्हणजे तांबूस रंगाची, धड ना या जातीची ना त्या, कोल्ह्यासारख्या तोंडाची कुत्री. मालक लुका सुतार, पक्का दारुडा, तिला शिव्या घालतो. त्याचा पोरगा फेद्युश्का तिच्याशी खेळतो म्हणजे मांसाचा तुकडा दोरीला बांधून तिला गिळायला लावतो आणि मग ओढून बाहेर काढतो. एके दिवशी रस्त्यात लष्करी बँड येतो, ती बावरते, चुकते. सर्कशीतला एक विदूषक तिला घरी नेतो. तिथे गादी, पोटभर जेवण, सोबतीला हंस, मांजर आणि डुकरीण. विदूषक तिला नवं नाव देतो, आत्याबाई. मग एका रात्री हंस मरतो, घोड्याचा पाय पडलेला असतो. ती रात्र चेखॉवने अशी लिहिली आहे की मृत्यू हा शब्द माहीत नसलेल्या प्राण्याला मृत्यू खोलीत आल्याचं कळतं, आणि वाचणाऱ्यालाही तसंच, शब्दावाचून. हंसाच्या जागी आत्याबाईला रिंगणात उतरवतात. पहिलाच खेळ. वर गॅलरीतून पोराचा आवाज येतो: कश्तांका! आणि ती प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उड्या टाकत निघते. त्या दारुड्याकडे. त्या दोरीकडे. सरस, रंधा आणि लाकडाच्या भुश्श्याच्या वासाकडे.

पुतण्याने त्या रात्री वाचली आणि सकाळीच फोन केला. "काका, दारू, मारझोड, हंस मेला, आणि ती परत जाते? यातून तिने काय घ्यायचं?"

"काही नको घेऊ दे," मी म्हटलं. "कुत्रा मेला का?"

"नाही."

"वाचून कुत्रा आणावासा वाटला?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आपल्यालाच लाज वाटली."

अटी दोन्ही पाळल्या होत्या. पुस्तक छापून, टाचून, कव्हर घालून गेलं.

पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे गेलो तर गेटाशी नवी नोटीस: आवारात भटक्या श्वानांस खाऊ घालू नये. नोटिशीच्या खालीच सोसायटीचा काळ्या पसरलेला, आणि त्याच्याजवळ पायरीवर आमची नात पुस्तक उघडून. इंग्रजी पान पाहत होती आणि गोष्ट मराठीत सांगत होती. मी विचारलं, असं का गं? "आजोबा, त्याला कुठे इंग्रजी येतं?" सेक्रेटरी दोनदा हटकून गेले होते म्हणे. तिने त्यांना नोटीस वाचायला लावली. खाऊ घालू नये असं आहे, वाचून दाखवू नये असं कुठे आहे?

काळ्याला गोष्टीत रस नव्हता. हंस मेला तेव्हा तो घोरत होता. खुर्ची जवळ ओढून ऐकत होता तो वॉचमन. मधेच कोणाची गाडी आली, त्याने उठून गेट उघडलं, लावलं, आणि तंबाखू चोळत परत येऊन बसला.

"मंग?" तो म्हणाला. "गेली ना ती त्या सुताराकडंच?"

नातीने पान उलटलं, बोट ठेवून बघितलं आणि मान हलवली.

"जाणारच," तो म्हणाला. "वास कसा इसरंल."